संकेतस्थळावरील मेनू आणि ॲनिमेशनच्या स्क्रिप्टसाठी मदत कशी मागावी

ऐरोली आणि महापे येथील मोठ्या संकुलांत संकेतस्थळे बनवण्याचे काम नोकरी म्हणून चालते. पण नौपाड्यातील शिकवणी वर्ग, कोपरखैरण्यातील घरगुती व्यवसाय, एखादी गृहनिर्माण संस्था किंवा वाचनालय यांची छोटी संकेतस्थळे बहुधा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा नुकतीच या क्षेत्रात आलेली व्यक्ती एकट्यानेच उभी करत असते. पाने तयार होतात, रंग आणि फॉन्ट जमतात, आणि मग गाडी ठरावीक जागी अडते. मेनू उघडतो आणि लगेच मिटतो, संगणकावर चालणारा मेनू फोनवर ढिम्म राहतो, सरकणारे चित्र अडखळत सरकते. अशा वेळी मदत मागितली जाते आणि पुष्कळदा ती मिळत नाही. जाणकारांना मदत करायची नसते असे क्वचितच असते. "मेनू चालत नाही, काय करू?" एवढ्या वाक्यावर कितीही अनुभवी माणूस काही सांगू शकत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून मदत मागण्याआधीची तयारी हाच या लेखाचा मुख्य विषय आहे. कोणाकडे जावे हे त्यानंतर येते.

पुढे सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे. ठाण्यातील एका वाचनालयाचे संकेतस्थळ आहे असे समजू. वरच्या पट्टीत "पुस्तके" असे बटण आहे, ते दाबले की खाली कथा, कादंबरी, चरित्र आणि बालवाङ्मय असा उपमेनू उघडायला हवा, आणि मुखपृष्ठावर वाचनालयाचे नाव एकेका अक्षराने उमटायला हवे.

पहिली पायरी: बिघाड कोणत्या थरात आहे ते पाहावे

वेबपानाचे तीन थर असतात. एचटीएमएल रचना सांगते, सीएसएस रूप ठरवते आणि जावास्क्रिप्ट वर्तन घडवते. नवशिक्या व्यक्तीला मेनू उघडला नाही की स्क्रिप्टच चुकली असे वाटते. प्रत्यक्षात दोष अनेकदा सीएसएसमध्ये असतो आणि मग स्क्रिप्ट जाणणाऱ्या माणसाचा वेळ भलत्याच ठिकाणी जातो. म्हणून आधी क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये एफ-12 कळ दाबून विकसकांची साधने उघडावीत आणि कन्सोल या भागात लाल अक्षरांत काही आले आहे का ते पाहावे.

तेथे दिसणारे काही संदेश इतके नेहमीचे आहेत की ते ओळखता आले तर मदत मागण्याची वेळच येत नाही. "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल" असा संदेश आला, तर स्क्रिप्टने पानावरचा एखादा घटक शोधला आणि तो तिला सापडला नाही, असा त्याचा अर्थ असतो. एक तर घटकाचे नाव चुकीचे लिहिलेले असते (क्लासच्या नावापूर्वीचा टिंब किंवा आयडीपूर्वीचे हॅश चिन्ह राहून गेलेले असते), किंवा तो घटक पानावर तयार होण्याआधीच स्क्रिप्ट चालून गेलेली असते. दुसऱ्या प्रकारात स्क्रिप्टच्या टॅगला "डिफर" हा शब्द जोडला की काम होते. "डॉलर इज नॉट डिफाइन्ड" असे दिसले, तर कोठून तरी उतरवलेला कोड जेक्वेरी या लायब्ररीवर (तयार कोडच्या संग्रहावर) बेतलेला आहे आणि ती लायब्ररी पानावर जोडलेलीच नाही, असे समजावे. स्क्रिप्टची फाइल सापडली नसल्याचा 404 क्रमांकाचा संदेश असेल, तर फाइलीच्या नावातील इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे तपासावीत. विंडोजच्या संगणकावर हा फरक सहसा मानला जात नाही, पण बहुतेक होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची सर्व्हरवरील जागा) लिनक्सवर असते आणि तेथे तो मानला जातो. त्यामुळे घरी व्यवस्थित चालणारा मेनू संकेतस्थळ चढवल्यावर एकाएकी बंद पडतो.

कन्सोल कोरा असेल तर एलिमेंट्स हा भाग उघडावा, त्यात उपमेनूचा घटक शोधावा आणि त्याच्यावर नजर ठेवून पानावरचे बटण दाबावे. मेनू उघडण्याची रूढ रीत अशी की स्क्रिप्ट त्या घटकाला "ओपन" यासारखा एक क्लास लावते आणि त्या क्लासला कसे दिसायचे ते सीएसएस सांगते. बटण दाबल्यावर क्लास लागला पण मेनू दिसला नाही, तर स्क्रिप्टने आपले काम केले आहे आणि दोष सीएसएसमध्ये आहे. क्लास लागलाच नाही, तर दोष स्क्रिप्टमध्ये आहे. ही एक तपासणी केली तरी प्रश्न निम्म्याने लहान होतो, आणि "क्लास लागतो पण मेनू दिसत नाही" हे वाक्य प्रश्नात असले की उत्तर देणाऱ्याला नेमकी दिशा मिळते.

क्लास क्षणभर लागून लगेच निघून जातो असेही आढळते, आणि हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. बाहेर कोठेही टिचकी मारल्यावर मेनू मिटावा म्हणून आपण संपूर्ण दस्तऐवजावर एक लिसनर (टिचकीसारख्या घटनेची वाट पाहणारा कोड) बसवलेला असतो. आता वाचक "पुस्तके" हे बटण दाबतो. बटणावरचा लिसनर मेनू उघडतो. पण टिचकीची ती घटना तेथेच थांबत नाही. ती बटणाकडून त्याच्या वरच्या घटकाकडे, तेथून आणखी वर, अशी चढत दस्तऐवजापर्यंत पोहोचते. याला बबलिंग म्हणतात. दस्तऐवजावरचा लिसनर तीच टिचकी पाहतो आणि मेनू मिटवतो. हे सारे इतक्या झटपट होते की डोळ्यांना काहीच घडले नाही असे वाटते. उपाय असा की दस्तऐवजावरच्या लिसनरमध्ये, टिचकी मेनूच्या पट्टीच्या आत पडली आहे का हे "क्लोजेस्ट" किंवा "कंटेन्स" या पद्धतीने तपासावे आणि आत पडली असेल तर काही करू नये. घटनेला वर चढण्यापासून रोखणारी "स्टॉप प्रोपगेशन" ही पद्धतही अनेकजण सुचवतात. तिने हा बिघाड जातो खरा, पण पानावरच्या दुसऱ्या एखाद्या स्क्रिप्टला तीच टिचकी हवी असेल तर ती तिला कधीच मिळत नाही, म्हणून मी ती सुचवत नाही.

मेनूचे नेहमीचे दोष

मेनूंच्या अडचणी वरवर वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांची मुळे थोडीच आहेत, आणि ती माहीत असली तर प्रश्न विचारताना योग्य शब्द आपोआप सुचतात.

बटणावर माउस नेताच उघडणारा उपमेनू त्याच्याकडे जाताजाता मिटत असेल, तर बहुधा बटण आणि उपमेनू यांच्यामध्ये मार्जिनमुळे काही पिक्सेलची रिकामी फट राहिलेली असते. माउस त्या फटीत शिरला की तो ना बटणावर असतो ना मेनूवर. मार्जिन काढून तेवढेच अंतर उपमेनूच्या पॅडिंगमध्ये दिले की फट बुजते. माउस नेल्यावर उघडणारा मजकूर माउस न हलवता, उदाहरणार्थ एस्केप कळीने, मिटवता यावा, त्याच्यावर माउस नेता यावा आणि वाचक दूर होईपर्यंत तो टिकून राहावा, अशी स्पष्ट अपेक्षा 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.1 या सुगम्यतेच्या (दिव्यांगांसह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या) निकषांतही आहे.

फोनवर मात्र माउस नसतोच. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभा असलेला वाचक अंगठ्याने टिचकी मारू शकतो, एवढेच. म्हणून मेनू माउस नेण्यावर अवलंबून ठेवू नये, बटण दाबून उघडणारा ठेवावा, आणि दुवे अंगठ्याला सापडतील एवढे मोठे असावेत. डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये सर्वसाधारण किमान मर्यादा 24 गुणिले 24 सीएसएस पिक्सेल आहे, आणि अधिक कडक पातळीसाठी ती 44 गुणिले 44 आहे. शक्य तेथे दुसरी मर्यादाच पाळावी.

उपमेनू उघडतो पण खालच्या चित्रामागे दडतो, तेव्हा कोणता घटक वर दिसावा ते ठरवणाऱ्या झेड-इंडेक्सचा आकडा वाढवत नेण्याचा मोह होतो. 999 वरून 99999 वर गेल्याने सहसा काही होत नाही. झेड-इंडेक्सची तुलना एकाच स्टॅकिंग कॉन्टेक्स्टमधील (थरांच्या एकाच गटातील) घटकांत होते, आणि वरच्या एखाद्या घटकाला ट्रान्सफॉर्म किंवा एकपेक्षा कमी ओपॅसिटी दिली की त्याचा स्वतंत्र कॉन्टेक्स्ट तयार होतो. मग आतला आकडा कितीही मोठा असला तरी तो त्या चौकटीबाहेर चालत नाही. उपमेनू खालून कापल्यासारखा दिसत असेल, तर वरच्या कोणत्या घटकाला "ओव्हरफ्लो हिडन" दिले आहे ते शोधावे.

मेनूसाठी थेट लायब्ररी शोधू नये, असे माझे ठाम मत आहे. एचटीएमएलमधील "डिटेल्स" आणि "समरी" हे घटक कोणत्याही स्क्रिप्टशिवाय उघडतात आणि मिटतात, आणि वाचनालयासारख्या साध्या संकेतस्थळाला बऱ्याचदा तेवढे पुरते. त्याहून अधिक हवे असेल, तर खरा बटण टॅग वापरावा. डिव्ह टॅगला टिचकीचा लिसनर लावून बटणासारखे रूप देता येते, पण तो कीबोर्डने दाबता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकांचे स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणून ओळखत नाहीत. बटणावर "एरिया एक्सपांडेड" हा, मेनू उघडा आहे की मिटलेला ते स्क्रीन रीडरला सांगणारा गुणधर्म ठेवून मेनू उघडता-मिटताना त्याचे मूल्य बदलत राहावे. एवढी सगळी स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींत मावते, आणि दहा-पंधरा ओळींबद्दल मदत मागणे मोठ्या लायब्ररीबद्दल मागण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

ॲनिमेशनचे दोष

सरकणारी वस्तू अडखळत असेल, तर ती कोणत्या गुणधर्माने सरकवली आहे ते आधी पाहावे. लेफ्ट, टॉप, विड्थ किंवा हाइट यांची मूल्ये बदलत नेली की ब्राउझरला प्रत्येक वेळी पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी यांच्या बाबतीत मांडणीला हात लावावा लागत नाही, म्हणून स्वस्त फोनवरही हालचाल गुळगुळीत राहते.

स्क्रिप्टने हालचाल घडवायची असेल, तर "सेट इंटरव्हल" ऐवजी "रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम" वापरावी, हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो योग्य आहे. त्यातला एक बारकावा मात्र राहून जातो. सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक फ्रेमला 2 पिक्सेल सरकावे असे लिहिले, तर तेथे वस्तू सेकंदात 120 पिक्सेल जाते. पण आजकालच्या अनेक फोनांचे पडदे सेकंदाला 120 वेळा बदलतात आणि तेथे तीच वस्तू 240 पिक्सेल जाते. "माझ्या मित्राच्या फोनवर ॲनिमेशन दुप्पट वेगाने पळते" या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. फ्रेमच्या फंक्शनला ब्राउझर वेळेचा आकडा देतो. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते त्यावरून काढावे आणि त्या प्रमाणात अंतर ठरवावे.

मिटलेला मेनू हळूहळू उघडत नाही, झटकन प्रकटतो, हाही नेहमीचा प्रश्न आहे. "डिस्प्ले नन" वरून दिसण्याकडे जाताना साधे ट्रान्झिशन (सीएसएसने हळूहळू घडवलेला बदल) लागू होत नाही, आणि "हाइट ऑटो" पर्यंतही होत नाही. नव्या ब्राउझरांत यासाठी सोयी येऊ लागल्या आहेत, तरी नवशिक्या व्यक्तीने ओपॅसिटी आणि व्हिजिबिलिटी यांच्या जोडीवर काम भागवणे अधिक सुरक्षित आहे.

हालचालीने ज्यांना चक्कर येते किंवा मळमळते, असे लोक आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी ठेवतात. "प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन" ही सीएसएसची अट लावून त्यांच्यासाठी ॲनिमेशन बंद किंवा सौम्य करावे. हे काम शेवटी करू म्हणून पुढे ढकलले की राहून जाते, म्हणून पहिल्याच मसुद्यात करावे.

मराठी मजकुराच्या खास अडचणी

इंग्रजी उदाहरणे पाहून शिकणाऱ्याला येथे हमखास ठेच लागते, आणि उत्तर देणाऱ्याला देवनागरी माहीत नसेल तर त्यालाही कारण कळत नाही. वाचनालयाचे नाव एकेका अक्षराने उमटवायचे आहे. उपलब्ध नमुन्यांत बहुधा "स्प्लिट" वापरून शब्दाचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या स्पॅनमध्ये ठेवतात. "ठाण्याचे" हा शब्द असा तोडला तर आठ तुकडे पडतात: ठ, काना, ण, हलन्त, य, काना, च आणि मात्रा. आपल्या दृष्टीने त्यात ठा, ण्या आणि चे अशी तीनच अक्षरे आहेत. तुकडे वेगळे झाले की काना आणि मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळतात आणि ण व य यांचे जोडाक्षर फुटते.

यासाठी जावास्क्रिप्टमध्येच "इंटल सेगमेंटर" ही सोय आहे. तिला मराठी भाषा आणि "ग्राफीम" (वाचकाला दिसणारे एक अक्षर) हे मोजमाप दिले की ती काना-मात्रा मूळ अक्षरासोबत ठेवते. जोडाक्षरे एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकात 15.1 या आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये आला. त्यामुळे जुन्या ब्राउझरवर "ण्या" चे "ण्" आणि "या" असे दोन तुकडे होऊ शकतात. हलन्ताने संपणारा तुकडा पुढच्या तुकड्याला जोडण्याच्या दोन ओळी स्वतः लिहाव्यात, किंवा त्याहून सोपे म्हणजे मराठीत अक्षराऐवजी शब्द हे एकक धरून ॲनिमेशन करावे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण वाचताना आपला डोळा शब्दावरच ठरतो.

मेनूच्या पट्टीची उंची इंग्रजी मजकुराच्या मापाने ठरवलेली असेल, तर वेलांटी, रफार आणि खालचा उकार कापले जातात. ओळीची उंची वाढवून पाहावी. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा म्हणून मराठीचा संकेत द्यावा. फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श ही अक्षरे त्यामुळे मराठी वळणाने उमटतात.

छोटा नमुना तयार करावा

दोष सापडला नाही तर मदत मागायची आहे. पण संपूर्ण संकेतस्थळाचा दुवा पाठवून नव्हे.

मूळ फोल्डरची प्रत काढावी आणि त्या प्रतीतून बिघाडाशी संबंध नसलेले सर्व काही काढत जावे: तळपट्टी, चित्रे, संपर्काचा अर्ज, दुसऱ्या स्क्रिप्टा. प्रत्येक वेळी काही काढल्यावर पान पुन्हा उघडून बिघाड अजून आहे का ते पाहावे. एखादी गोष्ट काढताच बिघाड नाहीसा झाला, तर कारण तेथेच आहे. बिघाड शेवटपर्यंत टिकला, तर हाती बटण, उपमेनू आणि पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट एवढाच नमुना उरतो. तो कोडपेन किंवा जेएसफिडल यांसारख्या ठिकाणी चढवावा, म्हणजे पाहणाऱ्याला काही उतरवून न घेता तो चालवून पाहता येतो. निम्म्याहून अधिक वेळा हे काम करतानाच उत्तर सापडते, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणून वेळ नाही या सबबीखाली ही पायरी कोणी गाळू नये.

नमुन्यात सभासदांची नावे, फोन क्रमांक, पासवर्ड किंवा सशुल्क सेवांच्या किल्ल्या (एपीआय की) राहू देऊ नयेत. नोकरीतील कोड असेल तर तो बाहेर चिकटवण्याची परवानगी सहसा नसते. तेव्हा तीच अडचण दाखवणारा नवा नमुना स्वतः लिहावा.

प्रश्न लिहावा

प्रश्नात काय करायचे होते, काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि कोणत्या यंत्रावर झाले, हे सर्व असावे. आपल्याच इमारतीत राहणाऱ्या आणि ऐरोलीला या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एखाद्या ताईंना लिहायचे असेल, तर ते असे लिहिता येईल:

"ताई, नमस्कार. वाचनालयाच्या संकेतस्थळावरील एका मेनूबद्दल विचारायचे आहे. 'पुस्तके' हे बटण दाबल्यावर उपमेनू उघडायला हवा. संगणकावर क्रोममध्ये तो उघडतो. अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये उघडून लगेच मिटतो. कन्सोलमध्ये संदेश नाही. 'ओपन' क्लास लागून लगेच निघतो हे मी पाहिले आहे. दस्तऐवजावरचा लिसनर काढून टाकला तर मेनू उघडा राहतो, पण मग बाहेर टिचकी मारून तो मिटत नाही. वीस ओळींचा नमुना सोबतच्या दुव्यावर आहे. सवडीने, शनिवारी-रविवारी पाहिलेत तरी चालेल."

हा निरोप वाचणाऱ्याला उलटा एकही प्रश्न विचारावा लागत नाही. "तातडीचे आहे" असे त्यात नाही, पडद्याचे फोनने काढलेले तिरपे छायाचित्र नाही, आणि काय करून पाहिले ते मोकळेपणाने सांगितले आहे. कोड नेहमी मजकूर म्हणून द्यावा. छायाचित्रातला कोड कोणालाही चालवून पाहता येत नाही.

कोणाकडे जावे

पहिली जागा एमडीएन वेब डॉक्स ही आहे. मोझिलाने सुरू केलेला हा संदर्भ मोफत आहे, बहुतेक गुणधर्मांची चालती उदाहरणे तेथे मिळतात आणि गुणधर्म कोणत्या ब्राउझरमध्ये चालतो याचा तक्ता पानाच्या तळाशी असतो. इंग्रजी वाचण्याचा कंटाळा येत असेल तरी निदान उदाहरण आणि तो तक्ता पाहावा.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर 2008 पासूनचे प्रश्न साठलेले आहेत आणि मेनूंबद्दलचे बहुतेक प्रश्न तेथे आधीच विचारून झालेले आहेत. उत्तराची तारीख मात्र नक्की पाहावी. 2015 मध्ये जावास्क्रिप्टची मोठी सुधारित आवृत्ती आली आणि "लेट", "कॉन्स्ट" हे शब्द रूढ झाले. ज्या कोडमध्ये सर्वत्र "व्हार" आहे तो जुना असण्याचा संभव असतो. 2006 मध्ये जॉन रेसिग यांनी आणलेली जेक्वेरी आजही असंख्य संकेतस्थळांवर चालते, पण साध्या मेनूसाठी ती नव्याने जोडण्याचे कारण उरलेले नाही. फ्लॅश या ॲनिमेशनच्या जुन्या तंत्रावर बेतलेली उत्तरे तर बाजूलाच ठेवावीत. ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅश प्लेयरचा आधार थांबवला आणि 12 जानेवारी 2021 पासून तो प्लेयर स्वतःच मजकूर चालवणे नाकारू लागला. फ्लॅशची ॲक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट यांचे मूळ मानक एकच असल्याने त्यांचा कोड सारखा भासतो, आणि नवशिक्या माणूस तेथे फसतो. एखाद्या संस्थेकडे जुने फ्लॅशचे मेनू शिल्लक असतील, तर ते नव्याने बांधावेत. जुने ॲनिमेशन निव्वळ पाहण्यासाठी जपायचे असेल, तर रफल हे मुक्त साधन अनेक फाइली चालवू शकते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादकांकडूनही चांगली मदत मिळते, पण तिथेही छोटा नमुनाच द्यावा. "दुरुस्त करून दे" असे म्हणण्यापेक्षा "क्लास लागून लगेच का निघतो ते ओळीओळीने समजाव" असे विचारावे. मिळालेल्या कोडमध्ये अनोळखी पद्धतीचे नाव आले, तर ती खरोखर अस्तित्वात आहे का हे एमडीएनवर तपासावे. देवनागरी तोडण्याच्या प्रश्नात अक्षरे फुटत नाहीत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे.

आणि माणसे. ठाणे आणि नवी मुंबई येथे प्रत्येक मोठ्या इमारतीत या क्षेत्रातील कोणी ना कोणी राहते. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी हाही मोठा आधार आहे. समोर बसून दहा मिनिटे पाहणाऱ्या माणसाला, आपण लिहायला विसरलेली गोष्टही दिसते.

पैसे देऊन काम करून घ्यायचे असेल, तर कोणती पाने, कोणती यंत्रे आणि ब्राउझर, किती दिवसांत, आणि काम संपल्यावर किती काळ दुरुस्ती मिळेल, हे लेखी ठरवावे. मूळ कोड आपल्या ताब्यात यायला हवा. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) नेहमी स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर असावे. होस्टिंगचा मुख्य पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नये. काम करणाऱ्यासाठी वेगळे खाते उघडून काम झाल्यावर ते बंद करावे. आणि कोणालाही हात लावू देण्याआधी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ठेवावी.

उत्तर मिळाल्यावर

मिळालेला बदल आधी छोट्या नमुन्यात करून पाहावा, मग मूळ पानात उतरवावा. संगणकाच्या ब्राउझरमधील फोनची नक्कल उपयोगी असली तरी ती पुरेशी नाही. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडला की फोनवर उघडलेले पान क्रोमच्या साधनांतून तपासता येते. शक्य असल्यास एखाद्याचा आयफोनही मागून घ्यावा, कारण सफारीचे वागणे काही बाबतींत वेगळे असते. त्यानंतर माउस बाजूला ठेवून केवळ टॅब, एंटर आणि एस्केप या कळांनी संपूर्ण मेनू फिरून पाहावा.

ज्यांनी मदत केली त्यांना नेमक्या कोणत्या बदलाने काम झाले ते कळवावे. उत्तर लागू पडले नसेल तर तेही कळवावे, आणि काय वेगळे घडले ते पुन्हा वरच्याच रीतीने लिहावे.

नवी स्क्रिप्ट चढवल्यावरही वाचनालयाचे सभासद "अजून तसेच आहे" असे सांगत असतील, तर त्यांच्या ब्राउझरने जुनी फाइल साठवून ठेवलेली असते. प्रत्येकाला साठा पुसायला सांगणे व्यवहार्य नाही. पानात जेथे स्क्रिप्टचा पत्ता दिला आहे, तेथे फाइलीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा क्रमांक जोडावा आणि प्रत्येक बदलानंतर तो वाढवावा. पत्ता बदलल्यामुळे ब्राउझर ती नवी फाइल समजतो आणि पुन्हा उतरवून घेतो.